चारशे कॅसेट घ्याव्यात का?

वाचकाचे पत्र: मी सोलापुरात साखर पेठेत राहते आणि शाळेत शिकवते. गेली तीन वर्षे मी जुन्या चित्रपटांच्या व्हीएचएस कॅसेट जमवते आहे. सध्या १३० आहेत. त्यांत तमाशापट, मराठी विनोदी चित्रपट, हिंदी भयपट, इंग्रजी मारधाडीचे चित्रपट आणि सासऱ्यांना आवडतात म्हणून घेतलेले काही तेलुगू पौराणिक चित्रपट आहेत. आता एका भंगारवाल्याच्या गोदामात बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या सुमारे ४०० कॅसेट आल्या आहेत. तो म्हणतो, सगळ्या एकदम घ्या. गणपतीपर्यंत थांबतो, नंतर प्लास्टिकच्या भावात घालवतो. आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि वर पत्र्याखाली माळा आहे. व्हीसीआर एकच, तोही मधूनच फीत गुंतवतो. दीर म्हणतात, हे सगळे मोबाइलवर फुकट दिसते. मी या कॅसेट घ्याव्यात का? आणि सगळ्या प्रकारचे चित्रपट जमवावेत की एकच प्रकार धरावा?

प्रिय ताई,

चारशेच्या चारशे घेऊ नका. पण त्या एकदा नीट पाहिल्याशिवाय आणि प्रत्येकीचे नाव लिहून घेतल्याशिवाय त्यांना भंगारात जाऊही देऊ नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर या दोन वाक्यांत आहे, आणि त्याची कारणे मला सविस्तर सांगायची आहेत, कारण अशी संधी सोलापुरात आता वारंवार येणार नाही.

आधी साधा हिशेब करू. व्हीएचएस कॅसेटची जाडी अडीच सेंटिमीटर असते. ४०० कॅसेट शेजारी शेजारी उभ्या लावल्या तर १० मीटर लांबीची फळी लागते, आणि त्या डब्यांत असल्या तर त्याहूनही अधिक. दोन खोल्यांच्या घरात एवढी फळी माळ्याखेरीज कुठेच निघणार नाही, आणि पत्र्याखालचा माळा ही सोलापुरातली या वस्तूसाठी सर्वांत वाईट जागा आहे. दुसरा हिशेब वेळेचा. तीन तासांची एक कॅसेट पाहायला किंवा संगणकावर उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई करता येत नाही. म्हणजे ४०० कॅसेटना १,२०० तास. शाळा आणि घर सांभाळून रोज दोन तास काढलेत तरी ६०० दिवस होतात, आणि तेवढे दिवस तुमचा आजारी व्हीसीआर टिकणार नाही. ज्या कॅसेट तुम्ही लावून पाहणार नाही आणि नीट ठेवू शकणार नाही, त्या तुमच्या घरातही हळूहळू मरतीलच. साठ, फार तर सत्तर कॅसेट निवडा.

तुमच्या दिरांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण ते अर्धे खरे आहे. गाजलेले हिंदी आणि इंग्रजी चित्रपट आज मोबाइलवर कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. चित्रपटाचे सोलापूरशी नाते आहे एवढ्यावरूनही त्याची कॅसेट मोलाची ठरत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले आणि त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली आला. आपल्याला त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे, पण तो चित्रपट आज घरबसल्या पाहता येतो, त्यासाठी जुनी कॅसेट जपण्याचे कारण नाही. मात्र दिरांना एक संध्याकाळ शेजारी बसवा, गोदामातल्या यादीतली वीस नावे काढा आणि ती मोबाइलवर खरोखर सापडतात का, पूर्ण सापडतात का, हे दोघांनी मिळून शोधा. ऐंशीच्या दशकातले कमी चाललेले मराठी चित्रपट, प्रयोग चित्रित करून विकलेली नाटके आणि एका भाषेतून दुसरीत आवाज बसवलेल्या आवृत्त्या शोधताना तुमचा हात जिथे रिकामा येईल, तिथून तुमचा संग्रह सुरू होतो.

चित्रपट नाहीसे होतात, ही आपल्याकडे कल्पनेतली भीती नाही. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो काळ फिल्मच्या रिळांचा होता. कॅसेटच्या काळातल्या साहित्याचे वय त्याहून कमी असले तरी त्याची राखण फारशी कोणी केलेली नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणले आणि आपल्याकडे १९८२ नंतर, रंगीत दूरदर्शन आल्यावर, व्हिडिओचे लोण घराघरांत पोचले. म्हणजे त्या गोदामातल्या बहुतेक कॅसेटचे वय तीस ते चाळीस वर्षे असणार, आणि चुंबकीय फितीच्या दृष्टीने ते उतारवयच आहे.

आता गोदामात काय करायचे ते सांगतो. सकाळी, भरपूर उजेडात जा. सोबत टॉर्च, कोरडे मऊ फडके, वही आणि तोंडाला लावायला मास्क घ्या. पहिले काम निवडीचे नाही. पहिले काम म्हणजे सगळ्या कॅसेटच्या पाठी, म्हणजे नाव लिहिलेल्या अरुंद कडा, दहा-दहा एका ओळीत लावून, मोबाइलवर फोटोंत टिपून घेणे. याला एक रुपयाही लागत नाही आणि माझ्या मते हेच या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम आहे. सोलापुरात एका गल्लीत मराठी, पलीकडच्या गल्लीत तेलुगू, त्यापुढे कन्नड आणि उर्दू कानावर येते. अशा गावातल्या एका लायब्ररीने आपल्या गिऱ्हाइकांसाठी कोणकोणते चित्रपट ठेवले होते, हे त्या ४०० पाठी एकत्र असेपर्यंतच वाचता येते. पाठीवर लायब्ररीचा क्रमांक, रबरी शिक्का, भाड्याची चिठ्ठी असेल तर तीही टिपा. शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने आणून, शेजारपाजाऱ्यांना बोलावून, पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. ती काय पाहत होती याची लेखी नोंद मात्र फारशी कुठे नाही. जुने रजिस्टर त्या ढिगात सापडले तर ते सर्वांत आधी उचला.

मग निवड. कॅसेट हातात घेऊन तिच्या वरच्या दोन खिडक्यांतून टॉर्चचा उजेड टाका. आत गुंडाळलेली फीत काळी, सपाट आणि तकतकीत दिसली पाहिजे. गुंडाळीवर पांढरी भुकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा राखाडी ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट कितीही हवीशी वाटली तरी व्हीसीआरमध्ये घालायची नाही. त्यानंतर कडेची छोटी कळ दाबून पुढचे झाकण उचला. तिथे फितीचा तुकडा उघडा दिसतो. त्याच्या कडा दुमडलेल्या किंवा झालरीसारख्या चुण्या पडलेल्या असतील तर त्या जागी चित्र फाटेल आणि आवाज खरखरेल. शेवटी नाकाजवळ धरा. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला तर कॅसेट पाण्यात किंवा ओलीत राहिलेली आहे.

बुरशीबद्दल मी एवढे आग्रहाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या नाटकाची कॅसेट मला मिळाली आणि ती पाहण्याच्या ओढीने मी आत न पाहताच ती लावली. दहा मिनिटांत पडद्यावर पांढरे पट्टे आले आणि मग चित्रच गेले. हेडवर, म्हणजे फितीवरचे चित्र वाचणाऱ्या भागावर, बुरशीची साय बसली होती. ते मला कळेपर्यंत मी त्याच मशीनमध्ये आणखी दोन कॅसेट लावून पाहिल्या आणि बुरशीची लागण त्यांनाही झाली. नाटकाची ती फीत पुढे साफ करूनही अर्धीच वाचली. त्या अर्ध्या नाटकाची हळहळ मला आजही वाटते.

अधिकृत कॅसेट आणि चोरून उतरवलेली कॅसेट यांतला फरक ओळखायचा असेल तर डब्यावरची छपाई पाहा. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार कॅसेटच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव-पत्ता देणे बंधनकारक झाले. हे सगळे छापलेले असेल तर चित्र बहुधा चांगल्या मूळ प्रतीवरून आलेले असते. कोऱ्या कॅसेटवर हाताने नाव लिहिलेले असेल तर ती बहुधा प्रतीची प्रत. पण म्हणून ती आपोआप टाकून देऊ नका. चित्रपट दुसरीकडे कुठेही नसेल तर धुरकट प्रतही प्रतच आहे, आणि काही कॅसेटवर चित्राच्या तळाशी जाहिरातींची पट्टी धावताना दिसते, ती आज त्या काळच्या बाजाराची नोंद झाली आहे. लांबी मात्र तपासा. ई-१८० म्हणजे १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत आणि तीन तास मावतात. त्याहून मोठा चित्रपट एकाच कॅसेटमध्ये बसवलेला दिसला तर बहुधा गाणी कापलेली असतात किंवा निम्म्या वेगाने उतरवून चित्राची प्रत घालवलेली असते.

भंगारवाल्याशी व्यवहार करताना त्याची बाजूही समजून घ्या. त्याला निवडून देणे परवडत नाही, कारण उरलेला माल पुन्हा त्यालाच हलवावा लागतो, आणि आत फीत गुंडाळलेले प्लास्टिक त्याच्यासाठीही कटकटीचेच असते. सबंध ढिगासाठी तो जी रक्कम मागतो आहे, तिच्या निम्म्याच्या आसपास निवडक साठ-सत्तरांसाठी देऊ करा आणि त्या बदल्यात उरलेल्या नीट पोत्यांत भरून द्या. गणपतीपर्यंत मात्र थांबू नका. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस सर्वांत जोराचा असतो आणि गोदामाचे छप्पर कसे आहे ते आपल्याला माहीत नाही.

प्रकाराचा प्रश्न तुम्ही फार प्रामाणिकपणे विचारला आहे. पुष्कळ संग्राहक सांगतात की एकच प्रकार धरा, तरच संग्रहाला वजन येते. मला ते तुमच्या बाबतीत पटत नाही. ज्या लायब्ररीत तमाशापटाशेजारी भयपट आणि त्याच्याशेजारी तेलुगू पुराणकथा उभी होती, तिचा अंश जपताना एकाच प्रकाराची चाळणी लावली तर तिचे खरे रूपच हरवेल. प्रकार सगळे ठेवा, पण प्रत्येक प्रकाराला निकष एकच लावा: ही कॅसेट गेली तर हे पाहायला मिळणे बंद होईल का? या निकषावर नाटके आणि कमी चाललेले मराठी चित्रपट सर्वांत वर येतील. तमाशापटांपैकी गाजलेले सोडा आणि नाव न ऐकलेले घ्या. हिंदी भयपट थोड्या खर्चात, घाईघाईने काढलेले असत आणि त्यांची जपणूक फार कमी झाली आहे, म्हणून त्यांना मी तुम्ही द्याल त्यापेक्षाही वरची जागा देईन. मुलांचे चित्रपट दिसले तर हमखास उचला, कारण घरोघरी पुन्हा पुन्हा लावून त्यांच्या फिती झिजून गेल्या. इंग्रजी मारधाडीचे चित्रपट, मनाला कितीही लागले तरी, बहुतेक सोडून द्या. त्यांच्यावर हिंदी आवाज बसवलेला असेल तेवढ्यापुरता अपवाद करा. हाच निकष तुमच्या जुन्या १३० कॅसेटनाही लावलात तर त्यांतल्या तीस-चाळीस आनंदाने दुसऱ्या कुणाला देता येतील आणि नव्यांना जागा होईल.

आता ठेवण्याची जागा. सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून बरेच अधिक तापते. उष्णतेने कॅसेटचे कवच वाकते आणि गुंडाळलेल्या फितीवर ताण येऊन तिचे पीळ बसतात. पावसाळ्यात फितीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा लेप हवेतली ओल शोषतो, हळूहळू चिकट होतो आणि मग फीत हेडला चिकटून चित्कारते. म्हणून माळा पूर्ण वर्ज्य करा. घरातली आतली भिंत, जिला बाहेरचे ऊन लागत नाही आणि जिच्यामागे न्हाणीघर नाही, ती निवडा आणि जमिनीपासून वीतभर वर फळी किंवा कपाट करा. कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. ठेवण्याआधी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग गुंडाळून घ्या, मध्येच थांबलेली फीत ढिली पडते. तुमच्या भागात मागांच्या तंतूंची धूळ हवेत असते आणि ती फितीवर बसली की बारीक ओरखडे उमटवते, त्यामुळे एकही कॅसेट डब्याविना ठेवू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. मोठे स्पीकर जवळ नकोत. आणि कॅसेटच्या पाठीच्या टोकाला असलेली छोटी प्लास्टिकची जीभ मोडलेली नसेल तर मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही.

व्हीसीआरकडे तातडीने लक्ष द्या, त्याआधी एकही चांगली कॅसेट त्यात घालू नका. फीत गुंतते याचा अर्थ बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झाला आहे किंवा फितीला ओढणारा रबरी रोलर कडक व गुळगुळीत होऊन त्याची पकड गेली आहे. दोन्ही बदलता येतात. टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत हे काम हातात असलेले कारागीर अजून भेटतात, त्यांना शोधा. हेड ज्यावर बसवलेले असते तो ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या मशीनमध्ये मिनिटाला १,५०० वेळा फिरतो आणि त्यावरच्या हेडची टोके अतिशय नाजूक असतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ती पुसली तर कापसाचा तंतू अडकून टोक तुटते, म्हणून मऊ कातड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून तो ड्रमला आडवा, स्थिर टेकवायचा आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा, वर-खाली घासायचे नाही. शक्य झाले तर दुसरा जुना व्हीसीआर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवा. जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले.

दुरुस्ती झाली की उतरवण्याचे काम घ्या, पण सगळ्यांचे नव्हे. मोबाइलवर न सापडलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करा. व्हीसीआरच्या पिवळ्या आणि पांढऱ्या पिनांतून संगणकाला जोडायचे कॅप्चर यंत्र महाग नसते. डीव्ही या डिजिटल पद्धतीने उतरवले तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. वीस कॅसेटचे साठ तास धरले तर ८०० जीबीच्या आत काम भागते. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. अमेरिकेतून कुणी आणलेली कॅसेट ढिगात निघाली आणि तिचे चित्र काळेपांढरे किंवा उड्या मारणारे दिसले तर ती खराब समजू नका. तिकडची टीव्हीच्या चित्राची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची आणि आपली पाल ६२५ रेषांची आहे, तिला दोन्ही पद्धती चालणारे मशीन लागते. फीत तुटली तर साध्या चिकटपट्टीने जोडू नका, तिचा डिंक पाझरून हेडवर जातो. कायद्याचे थोडक्यात सांगायचे तर घरात स्वतःसाठी पाहणे आणि जपणे यात घाबरण्यासारखे काही नाही, पण प्रती विकणे किंवा तिकीट लावून दाखवणे करू नका. चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतात. कुठेच नोंद नसलेला मराठी चित्रपट हाती लागला तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्राने कळवा. १९६४ साली ते याच कामासाठी सुरू झाले.

राहिले तेलुगू चित्रपट. ढिगातल्या तेलुगू कॅसेटच्या पाठीवरची नावे तुम्हाला वाचता येत नसतील तर फोटो काढून नंतर विचारू असे करू नका. सासऱ्यांनाच रविवारी सकाळी सोबत घेऊन जा. कोणता चित्रपट आपल्या भागात कोणाच्या अंगणात पडदा बांधून दाखवला होता, कोणत्या कॅसेटसाठी लायब्ररीत नाव लावून थांबावे लागे, हे त्यांना आठवेल, आणि ते जे सांगतील ते त्या कॅसेटच्या नावापुढे त्याच वेळी वहीत लिहून घ्या. गोदामात बसायला काही नसते, त्यांच्यासाठी घरून एक खुर्ची न्या.